शिवाजी पार्कच्या बाईंचा रविवारचा क्लास: आयटीतलं रिसर्च प्रोपोजल लिहायला शिकायचं असेल तर

या क्लासबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण पीएचडी प्रवेशाची मुलाखत होईपर्यंत थांबले होते, म्हटलं आधी आपल्याला उपयोग झाला का ते बघू आणि मग लोकांना सांगू. मुलाखत गेल्या आठवड्यात झाली, म्हणून आता लिहितेय.

मी डोंबिवलीला राहते, एका डिग्री कॉलेजात बीएस्सी आयटीला शिकवते, सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पगारावर, हे आठवं वर्ष. पीएचडी नसेल तर या लाइनमध्ये पुढे काय होतं ते शिकवणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. पेट, म्हणजे पीएचडीची प्रवेश परीक्षा, दुसऱ्या प्रयत्नात निघाली, घरी पेढे वाटले, आणि चार दिवसांनी लक्षात आलं की आता प्रोपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, लिहायचाय आणि तो कसा लिहितात हे आपल्याला कोणी कधी शिकवलेलंच नाहीये. यूजीसीच्या २०२२च्या नियमांप्रमाणे लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि त्या मुलाखतीत तुम्ही बोलणार कशावर, तर याच प्रोपोजलवर. एमएस्सीचा प्रोजेक्ट केला होता तेवढाच अनुभव, पण प्रोजेक्ट म्हणजे एक गोष्ट बनवून दाखवायची आणि संशोधन म्हणजे एक प्रश्न विचारून त्याचं उत्तर मोजून दाखवायचं, हा फरक मला त्या वेळी खरंच माहीत नव्हता.

क्लासकडे वळायच्या आधी एक वाईट अनुभव सांगते कारण त्यात बरेच जण अडकतात. ठाण्यातल्या, प्रोपोजल लिहून देणाऱ्या एका कन्सल्टन्सीकडे गेले होते, नाव घेत नाही. त्यांनी १८ हजार सांगितले, १५ ला तयार झाले, विषयही त्यांनीच दिला आणि बारा दिवसांत २२ पानांची फाइल मेल केली. टायटल होतं, कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन आणि आयओटी वापरून स्मार्ट समाजासाठी सायबर सुरक्षा फ्रेमवर्क. दिसायला झकास, आकृत्याबिकृत्या सगळं. कॉलेजच्या लायब्ररीत साम्य, म्हणजे दुसरीकडच्या लिखाणाशी किती मजकूर जुळतो ते, तपासून घेतलं तर ३४ टक्के आलं, यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच सूट आहे. मग मी एकेक संदर्भ उघडून बघायला लागले तर त्यातले अकरा पेपर अस्तित्वातच नव्हते, एका डीओआयवर (पेपरच्या कायमच्या ऑनलाइन क्रमांकावर) क्लिक केलं तर मत्स्यशेतीवरचा पेपर उघडला. पैसे परत मिळाले नाहीत. त्या रात्री मी रडले, पैशांपेक्षा जास्त या विचाराने की मुलाखतीत एखाद्या सरांनी त्यातला एक पेपर विचारला असता तर मी काय सांगितलं असतं. कोणी लिहून देतो म्हणालं तर जाऊ नका, कळकळीने सांगतेय.

बाईंबद्दल कॉलेजातल्या एका सीनियर मॅडमनी सांगितलं. क्लासला नाव नाही, बोर्ड नाही, जाहिरात नाही. बाई कॉम्प्युटर इंजिनिअरिंग शिकवून रिटायर झाल्या, आता शिवाजी पार्कला राहत्या घरी पुढच्या खोलीत रविवारी दहा ते दीड शिकवतात. आठ रविवार, साडेसहा हजार फी, एका बॅचला चौदाच जण. नाव-पत्ता इथे टाकत नाही कारण घर आहे ते, कोणाला खरंच जायचं असेल तर मला विचारा, मी बाईंना विचारून देईन.

फोन केला तर म्हणाल्या, "ये, पण येताना एक पान लिहून आण. तुला काय शोधायचंय ते. टाइप केलेलं नको, हाताने लिही."

मी ते कन्सल्टन्सीचंच टायटल जरा बदलून एक पान लिहून नेलं. पहिल्या रविवारी चौदा पानं बाईंनी टेबलावर ठेवली आणि एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारायला सुरुवात केली, "हे खोटं ठरलं तर तुला कसं कळेल?" माझी पाळी आली तेव्हा मी फ्रेमवर्कबद्दल बोलायला लागले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, तू जे म्हणतेयस ते खोटं ठरूच शकत नाही. फ्रेमवर्क काय, कोणीही बनवेल. त्यातून काय कळलं?" खोलीत कोणीच हसलं नाही कारण सगळ्यांचं तेच झालं होतं. विक्रोळीचा एक मुलगा मशीन लर्निंग वापरून शेतीचं भविष्य घेऊन आला होता, त्यालाही तेच विचारलं.

मग बाईंनी मला विचारलं, "तुझ्या आजूबाजूला कॉम्प्युटरमुळे किंवा मोबाइलमुळे कोणाला त्रास झालाय का, तो सांग. तू बघितलेला." मला एकदम आमच्या सोसायटीतल्या काकू आठवल्या. त्यांना मेसेज आला होता की आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, या नंबरवर फोन करा. काका हॉस्पिटलमध्ये होते, काकू घाबरल्या, फोन केला, समोरच्याने एक अॅप टाकायला लावलं आणि खात्यातून ४२ हजार गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला पण तोपर्यंत रात्र उलटून गेली होती. हे सांगताना माझा आवाज भरून आला. बाई म्हणाल्या, "हा तुझा विषय. आता तो लहान करू."

या क्लासची खासियत हीच आहे. बाकी सगळीकडे विषय मोठा करायला शिकवतात, इथे तीन रविवार फक्त लहान करायला शिकवतात. सायबर सुरक्षा वरून फसवे मेसेज, तिथून मराठी फसवे मेसेज, तिथून रोमन अक्षरांत लिहिलेल्या मराठी-इंग्रजी मिश्र एसएमएसमधली फसवणूक ओळखणं, असं करत करत आले. प्रत्येक पायरीला बाई विचारायच्या, का? रोमनच का? मला वाटायचं की माझ्या फोनमध्ये तसे येतात म्हणून, पण ते उत्तर त्यांना पुरेसं नव्हतं.

त्याचं उत्तर बॅचमधल्या एका दादांनी दिलं, ते टेलिकॉममध्ये नोकरी करतात. एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० बसतात आणि देवनागरी आली की फक्त ७०. आणि ती ७०सुद्धा आपण मोजतो तशी नाहीत. बाईंनी लगेच त्यांना बोर्डवर लिहून दाखवायला सांगितलं, तुमची वीज आज रात्री. आपण वाचताना मोजली तर ही ९ अक्षरं आहेत. मोबाइलच्या हिशोबात प्रत्येक वेलांटी वेगळी, उकार वेगळा, काना वेगळा, त्री मधला पाय मोडणारा हलन्तसुद्धा वेगळा, आणि मधल्या जागा धरून हे १९ होतात. म्हणजे चार शब्दांत पाव मेसेज संपला. लांबलचक घाबरवणारा मेसेज देवनागरीत पाठवायचा तर दोन-तीन एसएमएस लागतील. मी मराठी आयुष्यभर लिहितेय, आयटी आठ वर्षं शिकवतेय, आणि हे दोन्ही एकत्र असं कधी डोळ्यासमोर आलंच नव्हतं. प्रोपोजलमधला माझा सगळ्यात आवडता परिच्छेद यावरच आहे. फसवणारे याच कारणासाठी रोमन वापरतात असा दावा मात्र बाईंनी मला करू दिला नाही, म्हणाल्या हे एक संभाव्य कारण म्हणून लिही, तुझ्याकडे पुरावा नाही.

चौथा रविवार लिटरेचरचा, म्हणजे विषयावर आधी काय संशोधन झालंय ते शोधायचा. इथे माझी चांगलीच खरडपट्टी निघाली. मी छातीठोकपणे लिहिलं होतं की मराठीत या क्षेत्रात कामच झालेलं नाही. बाईंनी त्या वाक्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, शोधलंस का? मग गूगल स्कॉलरवर कसं शोधायचं, एका चांगल्या पेपरला पुढे कोणी कोणी उद्धृत केलंय ते कसं बघायचं, शोधगंगेवर प्रबंध आणि शोधगंगोत्रीवर नोंदवलेले सिनॉप्सिस (नियोजित संशोधनाचे आराखडे) कसे चाळायचे हे सगळं दाखवलं. (शोधगंगोत्री आहे हेच आमच्यातल्या नऊ जणांना माहीत नव्हतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची आहे, फुकट आहे, आपला विषय कोणी आधीच घेतलाय का ते तिथे जरूर बघा.) दोन आठवडे रोज रात्री बसले तेव्हा कळलं की पुण्याच्या एलथ्रीक्यूब ग्रुपने २०२१मध्येच सुमारे १६ हजार मराठी ट्वीट्सचा भावना ओळखायचा डेटासेट काढलाय, २०२२मध्ये महाबर्ट हे मराठीसाठीचं भाषा-मॉडेल आलंय, आणि २०२३मध्ये मराठी-इंग्रजी मिश्र मजकुरावरसुद्धा त्यांनी काम केलंय, तेही सोशल मीडियावरच्या. म्हणजे कामच झालेलं नाही हे साफ खोटं होतं. पण एसएमएस हा प्रकार वेगळा, फसवणुकीची भाषा वेगळी, आणि माझं हे कोपऱ्यातलं काम मला कुठे दिसलं नाही. मग मी तेवढंच लिहिलं, आणि कुठे कुठे शोधलं, कोणते शब्द टाकून शोधलं, ते पण लिहिलं.

बाईंचं एक चार रकान्यांचं कोष्टक आहे, प्रत्येक पेपरसाठी एक ओळ: कोणता प्रश्न, कोणता डेटा, काय मोजलं, काय राहिलं. चौथा रकाना लेखकाने स्वतः लिहिलेल्या फ्युचर वर्कमधून उचलायचा नाही, स्वतः विचार करून भरायचा, ही अट. मी ३१ पेपर भरले. झोटेरो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवले, फुकट आहे आणि संदर्भांची यादी आपोआप होते, ते एका दिवसात शिकता येतं. कन्सल्टन्सीच्या त्या खोट्या यादीनंतर मी प्रत्येक पेपर स्वतः उघडून बघितल्याशिवाय यादीत घेतला नाही.

आता ज्या रविवारसाठी मी हा क्लास शंभर लोकांना सुचवेन तो सांगते. पाचवा. विषय होता मोजमाप.

बाईंनी यूसीआय या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या साइटवरचा एसएमएस स्पॅमचा डेटासेट घेतला, सगळे जण वापरतात तो, आम्ही पोरांना प्रॅक्टिकलला पण हाच देतो. ५,५७४ मेसेज, त्यातले ७४७ स्पॅम. बोर्डवर दोन आकडे लिहिले आणि म्हणाल्या, "मी एक मॉडेल बनवलंय. ते मेसेज वाचतच नाही. काहीही आलं तरी म्हणतं, ठीक आहे, स्पॅम नाही. याची अॅक्युरसी, म्हणजे किती टक्के उत्तरं बरोबर, ते काढा." आम्ही मोबाइलवर गणित केलं. ४,८२७ भागिले ५,५७४. ८६.६ टक्के. खोली शांत. डोळे मिटून बसलेल्या मॉडेलला ८६.६ टक्के! आमच्यापैकी पाच जणांच्या प्रोपोजलमध्ये लिहिलं होतं की ९० टक्के अॅक्युरसी मिळवणे हे उद्दिष्ट आहे, मी त्यातली एक. आणि त्याच डेटासेटमधले ३,३७५ मेसेज सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या संग्रहातले आहेत, स्पॅममधले बरेच ब्रिटनमधल्या एका फोरमवरून घेतलेले. डोंबिवलीच्या काकूंना आलेल्या मेसेजशी त्याचा काय संबंध?

तिथून मग प्रिसिजन (फसवे ठरवलेल्यांतले खरंच फसवे किती) आणि रिकॉल (खरंच फसव्यांतले पकडले किती). हे मी वर्गात शिकवते, फॉर्म्युला पाठ आहे, पण बाईंनी विचारलं, "तुझ्या काकूंच्या बाबतीत कुठली चूक महाग? फसवा मेसेज सुटला ती, का वीज कंपनीचा खरा मेसेज फसवा ठरवला ती?" मी पटकन म्हटलं पहिली. त्या म्हणाल्या, दुसरी दहा वेळा झाली तर काकू त्या अॅपचा इशारा बघणंच सोडून देतील, मग अकराव्या वेळी काय? म्हणून मी प्रोपोजलमध्ये एकच आकडा दिला नाही, दोन्ही चुका वेगवेगळ्या मोजणार असं लिहिलं, आणि खरे मेसेज जास्तीत जास्त किती चुकीचे ठरलेले चालतील याची मर्यादा आधीच ठरवून दिली.

त्याच दिवशी लेबलिंगचा खेळ घेतला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या फोनमधले मेसेज नंबर-नावं खोडून चिठ्ठ्यांवर लिहून आणले होते. त्यातले ५० मला आणि विक्रोळीच्या मुलाला दिले, एकमेकांना न विचारता फसवा की ठीक ते लिहायचं. ५० पैकी ४१ वर आमचं एकमत, म्हणजे ८२ टक्के, आम्ही खूश. मग बाईंनी कोहेनचा कॅपा नावाचा आकडा काढायला लावला, म्हणजे निव्वळ योगायोगाने जेवढं जुळलं असतं तेवढं बाजूला काढून उरलेलं मोजायचं. ०.६२ आला. मग त्या नऊ चिठ्ठ्या समोर ठेवल्या आणि भांडण सुरू झालं. एक होती झटपट कर्जाची जाहिरात, मी फसवी म्हटलं, तो म्हणाला जाहिरात आहे, फसवणूक कुठेय. एक केवायसीचा मेसेज होता तो बँकेचा खराच निघाला, मी फसवा लिहिला होता. दोन माणसांचं जर जुळत नसेल तर मशीनला आपण काय शिकवणार? त्या नऊ चिठ्ठ्यांतून माझ्या प्रोपोजलमधले लेबलिंगचे नियम तयार झाले, दीड पान. मी त्या चिठ्ठ्या अजून पर्समध्ये ठेवल्यात.

अजून एक बारीक गोष्ट, जी मला वाटतं फार कमी जण सांगतात. मी लिहिलं होतं डेटा ८० टक्के ट्रेनिंग (मशीनला शिकवायला), २० टक्के टेस्टिंग (तपासायला), रँडम वाटून. बाई म्हणाल्या, वीज कापण्याचा मेसेज शंभर लोकांना तोच येतो, फक्त फोन नंबर बदलून. रँडम वाटलेस तर तोच मेसेज ट्रेनिंगमध्ये पण आणि टेस्टमध्ये पण, म्हणजे पेपर फुटलेली परीक्षा. आधी सारखे मेसेज एकत्र कर, मग तारखेप्रमाणे वाट, जुन्यांवर शिकव आणि नंतर आलेल्यांवर तपास, कारण खऱ्या आयुष्यात फसवणूक करणारा नेहमी नवीन मेसेज घेऊन येतो. मी परीक्षा विभागात काम केलंय, पेपर फुटलेली परीक्षा म्हटल्यावर दुसरं काही समजवायला लागलं नाही.

मॉडेलच्या बाबतीत त्यांचं म्हणणं ठाम आहे, आधी साधं. नाइव्ह बेझ, लॉजिस्टिक रिग्रेशन अशा जुन्या सोप्या पद्धती, शब्दांऐवजी अक्षरांचे तुकडे घेऊन, कारण रोमनमध्ये वीज कोणी आय घालून लिहितं, कोणी डबल ई, कोणी व्ही तर कोणी डब्ल्यू, शब्द धरून बसलात तर एकच शब्द चार वेगळे दिसतात. त्याच्यावर मग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे महाबर्टसारखं मोठं डीप लर्निंग मॉडेल, आणि फरक पडला नाही तर तेही उत्तरच आहे, तेही छापता येतं. हे ऐकून फार बरं वाटलं. आमच्याकडे वातावरण असं असतं की डीप लर्निंग नाही लिहिलं तर कोणी उभंच करणार नाही.

परवानगी आणि खाजगीपणावर अर्धा रविवार दिला, पूर्ण द्यायला हवा होता असं माझं मत. लोकांचे मेसेज गोळा करायचे म्हणजे त्यात ओटीपी, खाते क्रमांक, कोणाच्या आजारपणाचं, कोणाच्या कर्जाचं असं सगळं येतं. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काय म्हणतो ते त्यांनी साध्या भाषेत सांगितलं, मग संमतीपत्र मराठीत लिहायला लावलं आणि म्हणाल्या घरी जाऊन काकूंना वाचून दाखव, त्यांना कळलं तरच ते संमतीपत्र. मी वाचून दाखवलं. काकूंनी विचारलं, "म्हणजे मी उद्या नाही म्हटलं तर काढशील ना माझे मेसेज?" ते मी लिहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी घातलं.

टाइमटेबलचं पान सगळे शेवटच्या रात्री करतात, बाईंकडे त्यालाही तासभर. तीन वर्षांच्या तक्त्यात मी मे महिन्यात डेटा गोळा करणे टाकलं होतं. "मे मध्ये पेपर तपासायला जात नाहीस का तू?" जाते. मग कॅपचे, म्हणजे विद्यापीठाच्या पेपर तपासणीचे आठवडे, गणपती, दिवाळी, मुलीची परीक्षा असं सगळं खरं खरं टाकलं, तक्ता दिसायला सुंदर राहिला नाही पण पाळता येईल असा झाला. खर्चातही तसंच, मी जीपीयूचा (मॉडेल शिकवायला लागणाऱ्या महाग चिपचा) मोठा आकडा लिहिला होता, तो खोडून गूगलच्या कोलॅबच्या फुकट सोयीवर काय होईल आणि काय नाही ते लिहायला लावलं, त्याऐवजी लेबल करणाऱ्यांना मानधन ठेवलं.

आता कमी काय पडतं तेही लिहिते, नाहीतर नवीन जाणाऱ्यावर अन्याय होईल. संख्याशास्त्र एका रविवारात उरकतात, सिग्निफिकन्स टेस्ट आणि सॅम्पल किती घ्यायचं हे माझ्या डोक्यावरून गेलं, नंतर स्वतः बसून करायला लागलं. रेकॉर्डिंग नाही, ऑनलाइन नाही, एक रविवार बुडला की बुडला, आणि आम्हा सेंट्रलवाल्यांना रविवारी मेगाब्लॉक असतो, दीडला सुटून घरी पोचायला मला दोनदा साडेचार झाले. बाईंचा सगळा अनुभव डेटा आणि सॉफ्टवेअरकडचा आहे, त्यामुळे आमच्या बॅचमध्ये सोसायटीच्या पाण्याच्या टाकीत सेन्सर लावून गळती शोधणारा एक मुलगा होता त्याला हार्डवेअरच्या बाजूने फार काही मिळालं नाही, त्याचा प्रश्न मात्र सुधारला असं तो म्हणाला. गाइड शोधायला त्या मदत करत नाहीत, ओळख देत नाहीत, कोणाला फोन करत नाहीत, पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात. आणि बाई कडक आहेत. तिसऱ्या रविवारनंतर तीन जण आले नाहीत. माझं मत विचाराल तर त्या कोणाचा अपमान करत नाहीत, कागदावर बोलतात, माणसावर नाही, पण लाल पेन सोसायची तयारी पाहिजे. माझं प्रोपोजल सात वेळा परत आलं. एआयने लिहून आणलेला परिच्छेद त्या दोन वाक्यांत ओळखतात कारण लगेच विचारतात, हे तुझ्या शब्दांत सांग. भाषा तपासायला वापरा म्हणतात, विचार करायला नको, आणि वापरलं तर कुठे वापरलं ते लिहा.

जागा म्हणाल तर साधी खोली, एक बोर्ड, एसी नाही, मे मध्ये उकडतं. दादर पश्चिमेला उतरून चालत वीस मिनिटं. साडेअकराला चहा बाई स्वतः करतात, आम्ही कप विसळायचो. सुटल्यावर जवळच्या प्रकाश उपाहारगृहात साबुदाणा वडा आणि पीयूष, तिथे टेबलाची वाट बघत उभ्या उभ्याच आम्ही एकमेकांचे ड्राफ्ट वाचलेत.

शेवटी माझं टायटल काय झालं तर, रोमन लिपीतील मराठी-इंग्रजी मिश्र एसएमएसमधून वीजबिलाच्या व केवायसीच्या नावाने होणारी फसवणूक ओळखणे: काळानुसार विभागलेल्या डेटावर साध्या व ट्रान्सफॉर्मर मॉडेलची तुलना. लांब आहे, पण यातला प्रत्येक शब्द का आहे ते मी सांगू शकते. १४ पानं, साम्य ४ टक्के, ते पण बहुतेक संदर्भांच्या यादीचं.

मुलाखतीत दहा मिनिटं दिली होती. एका सरांनी विचारलं, रँडम स्प्लिट का नाही घेतलं, सगळे तेच घेतात. मी पेपर फुटीचं सांगितलं. ते पुढे वाकले आणि म्हणाले, मग तुमचा आकडा बाकीच्यांपेक्षा कमी येईल, चालेल? मी म्हटलं, सर, खरा आला तर चालेल. निकाल अजून लागायचा आहे. संध्याकाळी बाईंना फोन करून सगळं सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा विचारलं काकूंचं पुढे काय झालं, पैसे मिळाले का. नाही मिळाले अजून.

पाच पैकी साडेचार. अर्धा संख्याशास्त्राचा कापला. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, एक पान हाताने लिहून तयार ठेवा, आणि चिठ्ठ्यांसाठी फोनमधले जुने मेसेज आत्तापासून डिलीट करू नका.